मोडीतून उठलेली मोटार

अमेरिकेतील मिशिगन राज्यात डिअरबॉर्न येथे हेन्री फोर्ड यांच्या नावाचे मोठे संग्रहालय आहे. ज्या गृहस्थाने मोटार ही वस्तू शेतकऱ्याच्या आणि कामगाराच्या दारी नेऊन उभी केली, त्याच्या संग्रहालयात साध्या, स्वस्त आणि दणकट गाड्यांचे राज्य असावे हे स्वाभाविकच होय. परंतु तेथेच एक गाडी अशी आहे की, तिचा आणि स्वस्ताईचा कधी दुरूनही परिचय झाला नव्हता. लांबी सुमारे वीस फूट, वजन तीन टनांच्या वर, आणि १९३० च्या सुमारास तिची किंमत ४३,००० डॉलर! त्याच काळी फोर्डची साधी मोटार पाचशे डॉलरांच्या आत मिळत असे. ही गाडी म्हणजे फ्रान्समधील बुगाटी कारखान्याची ‘रॉयाल’, अर्थात ‘राजेशाही’. तिचा सांगाडा-क्रमांक ४११२१. जर्मनी, शांघाय, न्यूयॉर्क आणि अखेर भंगाराचे आवार असा तिचा प्रवास झाला आहे. आणि त्या आवारातून ती बाहेर कशी आली व बाहेर येताना कोणत्या रूपात आली, हा प्रश्न जुन्या वस्तूंची आवड असणाऱ्या प्रत्येकाने विचारात घेण्याजोगा आहे.

एत्तोरे बुगाटी हा मूळचा मिलान शहरचा. १८८१ साली कलावंतांच्या घराण्यात त्याचा जन्म झाला. त्याचा धाकटा भाऊ रेम्ब्रांट हा पशूंची शिल्पे घडविण्यात निष्णात होता. तो १९१६ साली अकालीच वारला. रॉयालच्या रेडिएटरवर मागच्या दोन पायांवर उभा राहिलेला जो हत्ती दिसतो, तो त्याच्याच शिल्पावरून घेतलेला आहे. एत्तोरेने अल्सास प्रांतात मोल्सहाइम येथे कारखाना काढला आणि शर्यतीच्या चपळ, हलक्या गाड्यांनी युरोपात नाव मिळविले. एका इंग्रज बाईने जेवणाच्या टेबलावर त्याला ऐकविले की, वेग हवा असेल तर बुगाटी घ्यावी, पण दिमाख हवा असेल तर रोल्स-रॉइसच. आणि त्या टोमण्यातून रॉयाल जन्मली, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका खरी असो वा नसो, १९२६-२७ च्या सुमारास त्याने गाडीचा पहिला नमुना सिद्ध केला आणि अशा २५ गाड्या बांधून त्या केवळ मुकुटधारी व धनाढ्य गिऱ्हाइकांना विकण्याचा संकल्प सोडला.

संकल्पाला मुहूर्त मात्र वाईट लाभला. १९२९ च्या अखेरीस जगभर मंदीची लाट आली. १९३१ साली स्पेनच्या राजाला देश सोडावा लागला, आणि इतर राजेरजवाडेही हात आखडते घेऊ लागले. २५ गाड्यांपैकी बांधल्या गेल्या अवघ्या सात. त्यांपैकी सहा आज अस्तित्वात आहेत. बाहेरच्या गिऱ्हाइकांनी त्या वेळी विकत घेतल्या तीनच, आणि मौज अशी की, त्या तिघांत राजा एकही नव्हता. एक होता पॅरिसमधील तयार कपड्यांचा बडा व्यापारी आर्मां एस्देर, दुसरा इंग्लंडमधील कॅप्टन कथबर्ट फॉस्टर आणि तिसरा एक जर्मन डॉक्टर, योझेफ फुक्स. हे फुक्स प्रसूतिशास्त्राचे जाणकार होते. कारखान्याने त्यांना इंजिनासह सांगाडा तेवढा दिला. त्यावरील बॉडी म्यूनिक येथील लुडविग वाइनबर्गर या कारागिराकडून करून घेण्यात आली. त्या काळी उंची मोटारीच्या बाबतीत हीच रीत होती. सांगाडा एकाचा, बॉडी दुसऱ्याची. वाइनबर्गरने टप खाली घेता येईल अशी उघडी गाडी बांधली, ती काळ्या-पिवळ्या रंगाने सजविली, आणि १९३२ साली ती डॉक्टरांच्या स्वाधीन केली.

या गाडीच्या पोटात काय होते, ते थोडे तपशिलाने पाहिले पाहिजे. कारण पुढील सर्व अनर्थाचे मूळ तेथेच आहे. एका ओळीत आठ सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास १२५ मिलिमीटर, आणि सर्वांची मिळून धारणा जवळजवळ पावणेतेरा लिटर. आजच्या शहरी कुटुंबाच्या साध्या मोटारीत एक-सव्वा लिटरचे इंजिन असते, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ कळेल. इंजिन साडेचार फुटांच्या आसपास लांब. गती बदलण्याचे दट्टे तीनच, आणि तेही पुढे नव्हे, तर मागच्या आसाजवळ. पहिला दट्टा गाडी हलविण्यापुरता. बाकीचे सर्व काम दुसऱ्यावर भागे, आणि तिसरा मोकळ्या सरळ रस्त्यावर धावण्यासाठी. इतके बळ असल्यावर वारंवार दट्टे बदलण्याचे कारणच उरत नसे.

बहुतेक इंजिनांत सिलिंडरांचा ठोकळा वेगळा आणि त्यावरचे झाकण वेगळे असते. दोहोंच्या मध्ये सांधा असतो. सांधा म्हटला की कधी ना कधी गळती आलीच. बुगाटीने हा सांधाच नाहीसा केला आणि ठोकळा व झाकण बिडाच्या एकाच ओतकामात घडविले. दिसावयास ते देखणे, गळतीपासून निर्धास्त. पण झडपा घासून बसविण्यासारखे नेहमीचे काम निघाले की, सगळा प्रचंड ठोकळाच उतरवून खोलावा लागे. ज्याच्या पदरी मिस्त्र्यांचा ताफा आहे अशा महाराजाला हे सोसावे; एकट्या डॉक्टराला ते कितपत सोसणार?

जर्मनीतील वातावरण बिघडू लागले तसे फुक्स यांनी देश सोडला. माणूस देशोधडीला लागतो तेव्हा गाठोड्यात काय घ्यावे याचा विचार करतो. या गृहस्थांनी तीन टनांची मोटार बरोबर घेतली. ती प्रथम शांघायला गेली. पुढे १९३७ साली डॉक्टर न्यूयॉर्क येथे कायमचे स्थायिक झाले आणि गाडीही त्यांच्या मागोमाग अमेरिकेच्या किनाऱ्याला लागली. ज्या धनिकांच्या देशात तिला खरे गिऱ्हाईक मिळावयाचे, तेथे ती एका निर्वासिताची ठेव म्हणून उतरली.

१९३८ च्या कडाक्याच्या थंडीत इंजिनातील पाणी गोठले. पाण्याचे बर्फ होताना ते आकसत नाही, उलट सुमारे नऊ टक्क्यांनी फुगते, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. सिलिंडरांभोवती पाणी खेळविण्यासाठी जी पोकळी ठेवलेली असते, तीत हे फुगणारे बर्फ भिंतींवर रेटा देते. बीड हा धातू दाब सोसण्यात पटाईत, पण ताण सोसण्यात अगदी दुबळा. तो वाकत नाही, तडकतो. रॉयालचा ठोकळा तडकला. दुसऱ्या एखाद्या गाडीचा ठोकळा तडकला असता तर कारखान्याकडून नवा मागविता आला असता. येथे तशी इंजिने थोडकीच घडली होती, आणि उरलेल्यांना बुगाटीने फ्रान्सच्या रेल्वेवरील वेगवान डब्यांत जुंपून टाकले होते. १९३३ पासून धावू लागलेल्या त्या डब्यांनीच, खरे पाहता, रॉयालच्या अपयशातून कारखान्याला सावरले. पण न्यूयॉर्कमधील तडकलेल्या गाडीला त्याचा काय उपयोग! तडकलेले बीड वितळजोडाने सांधणे हेही जोखमीचे काम. जोडाची जागा तापते, भोवतालचा भाग थंड राहतो, आणि निवताना असमान आकुंचनाने जवळच नवी चीर पडते. गाडी उभी राहिली ती राहिलीच, आणि अखेर भंगाराच्या आवारात जाऊन पडली.

महायुद्धाचे दिवस होते. १९४२ पासून अमेरिकेत घरोघर जुने लोखंड गोळा करण्याच्या मोहिमा चालल्या होत्या, आणि पुष्कळ जुन्या मोटारी त्या भट्टीत गेल्या. तीन टन धातू म्हणजे मोठाच घबाड. अशा वेळी चार्ल्स चेन नावाच्या इंजिनिअराची दृष्टी या गाडीकडे वळली. चेन हे ब्यूइक मोटारींचे मुख्य इंजिनिअर. पुढे ते जनरल मोटर्स या प्रचंड कंपनीचे उपाध्यक्ष झाले. संग्रहालयाच्या नोंदीप्रमाणे त्यांनी १९४३ साली गाडी विकत घेतली. किंमत ४०० डॉलर दिल्याचे सांगतात. सबंध लढाई संपेपर्यंत थांबणे भाग होते. नंतर त्यांनी कामाला हात घातला, आणि १९४७ साली रॉयाल पुन्हा स्वतःच्या बळावर धावू लागली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एत्तोरे बुगाटी पॅरिस येथे निवर्तला.

येथवरची कथा कोणालाही गोड वाटेल. परंतु चेन यांनी गाडी केवळ दुरुस्त केली नाही. त्यांनी ती बदलली. मूळचा काळा-पिवळा रंग जाऊन तेथे शिंपल्यासारखा पांढरा रंग आला, आणि काठ व टप गडद हिरवे झाले. इंजिनाला एकच कार्ब्युरेटर होता. आठही सिलिंडरांना सारखे इंधन पोचावे म्हणून त्यांनी नवी नळ्यांची जोडणी करून चार कार्ब्युरेटर बसविले. इंजिनिअर या नात्याने त्यांचे पाऊल चुकीचे म्हणता येणार नाही. एवढ्या लांबलचक इंजिनात एकाच तोंडातून गेलेले मिश्रण टोकाच्या सिलिंडरांना मधल्यांइतके मिळणे कठीण. पण प्रश्न इंजिनिअरिंगचा आहे की इतिहासाचा?

आपल्याकडे ‘जीर्णोद्धार’ हा शब्द फार आदराने उच्चारला जातो, आणि जीर्णोद्धाराच्या नावाखाली कोरीव दगडी देवळांना तैलरंग फासलेलेही पुष्कळांनी पाहिले असेल. भाविकाच्या दृष्टीने देऊळ नवे झाले. शिल्पाच्या जाणकाराच्या दृष्टीने ते बुजले. मोटारींच्या जगातही हाच वाद चालतो. एक पक्ष म्हणतो, गाडी कारखान्यातून निघाली त्या दिवशीचे रूप तिला परत द्यावे. दुसरा म्हणतो, मूळचा फाटका कातडी गादीचा तुकडासुद्धा हलवू नये. चेन यांच्या वेळी यांपैकी एकही पक्ष जन्मास आलेला नव्हता. १९४७ साली पंधरा वर्षांची मोटार ही प्राचीन वस्तू नव्हती. ती नुसती जुनी गाडी होती, आणि जुन्या गाडीला मालकाने आवडीचा रंग देऊ नये असे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. रंगाबद्दल तरी त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. रंग हा काढता येतो व पुन्हा देता येतो. वितळलेले लोखंड परत मोटार होत नाही.

बाकीच्या भावंडांची गत पाहिली म्हणजे हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. एस्देर यांची उघडी दुमाणशी गाडी एत्तोरेचा मुलगा झां याने रेखाटलेली. एस्देर रात्री गाडी हाकीत नसत, म्हणून तिला पुढचे दिवेच नव्हते! युरोपातील सर्वांत सुंदर मोटारींत तिची गणना झाली असती. पण पुढच्या मालकाने ती बॉडी उतरवून बिंडर या कारागिराकडून अगदी निराळी, बंदिस्त बॉडी चढविली. सांगाडा जगला, १९९९ साली तो फोल्क्सवॅगन कंपनीकडे आला. झांची कलाकृती मात्र गेली ती गेलीच. फ्रान्समध्ये म्यूलूझ येथील संग्रहालयात तिची हुबेहूब प्रतिकृती पाहावयास मिळते. ती पाहून डोळे निवतात, पण ती मूळ वस्तू नव्हे हे मन विसरत नाही. उलट, बुगाटी घराण्याने न विकलेल्या तीन गाड्या युद्धकाळात एर्मनोंव्हिल येथील घरी भिंतीआड चिणून ठेवल्या होत्या. त्यांपैकी दोन १९५० साली अमेरिकन शर्यतपटू ब्रिग्ज कनिंगहॅम यांनी एत्तोरेच्या मुलीकडून घेतल्या; सौद्यात रोख रकमेखेरीज दोन नवी रेफ्रिजरेटरेही दिली होती, असे सांगतात. युद्धाने गांजलेल्या फ्रान्समध्ये तेव्हा राजेशाही मोटारीपेक्षा दूध नासू न देणारे कपाटच अधिक मोलाचे होते. याच दोहोंतील एक गाडी १९८७ साली लंडनमधील रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये लिलावात निघाली तेव्हा तिला ५५ लाख पौंड आले.

चेन यांनी आपली गाडी विकली नाही. तिचा भाव दिवसेंदिवस चढत असतानाच, १९५० नंतरच्या त्या दशकात, त्यांनी ती फोर्ड संग्रहालयाला देऊन टाकली. जनरल मोटर्सच्या उपाध्यक्षाने प्रतिस्पर्ध्याच्या नावाने चाललेल्या संस्थेला दिलेली ही देणगी मोटारधंद्याच्या इतिहासात विरळाच म्हणावी लागेल.

१९८५ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातील पेबल बीच येथे सहाही रॉयाल प्रथमच एकत्र आल्या. कारखान्यात असतानासुद्धा त्या सहाजणी अशा एका ओळीत कधी उभ्या राहिल्या नव्हत्या. त्यांत डॉक्टर फुक्स यांची गाडीही होती. संग्रहालयाने तिला पुन्हा काळा-पिवळा रंग दिलेला नाही. शिंपल्यासारखा पांढरा रंग, हिरवे काठ आणि चार कार्ब्युरेटर, हे सर्व चेन यांनी ठेवले तसेच ठेवले आहे.