धर्माचा नकाशा वाचताना: एकच रंग, तीन वेगळी कारणं



पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मी जगातल्या हिंदू लोकसंख्येचा नकाशा केला होता. जीआयएसमध्ये जनगणनांचे आकडे टाकले आणि टक्केवारीनुसार रंग भरला. इंडोनेशियात बाली बेट गडद दिसणार हे माहीत होतं. पण तिथून बऱ्याच लांब, बोर्निओ बेटावरच्या मध्य कालिमंतान प्रांतातही थोडा रंग उमटला. प्रेझेंटेशनमध्ये मी बिनधास्त लिहिलं: 'बालीमधून हिंदूंचं स्थलांतर'. माझ्या गाईड मॅडमनी एकच प्रश्न विचारला, "हे तुला जनगणनेने सांगितलं की तुझ्या रंगाने?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. जनगणना सांगते की अमुक वर्षी, अमुक ठिकाणी, किती लोकांची नोंद अमुक धर्माची झाली. ती नोंद तिथे कशी आली, हे ती सांगत नाही. ते आपल्याला वेगळं शोधावं लागतं. ढोबळमानाने तीन शक्यता असतात.

१. माणसं हलली. मॉरिशस घ्या. 1834 पासून ब्रिटिशांनी उसाच्या मळ्यांसाठी भारतातून करारबद्ध मजूर नेले. बिहार आणि आजच्या पूर्व उत्तर प्रदेशातले सर्वात जास्त, शिवाय तमिळ, तेलुगू आणि आपल्या कोकणातलेही. आज तिथली जवळपास निम्मी लोकसंख्या हिंदू आहे आणि गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. माणसांबरोबर धर्म गेला. भूगोलात याला रिलोकेशन डिफ्युजन म्हणतात.

२. माणसं तिथेच राहिली, धर्म बदलला. याचं ठळक उदाहरण आपल्याच राज्यात आहे. 1951 च्या जनगणनेत संपूर्ण भारतात बौद्धांची संख्या सुमारे 1.8 लाख होती. 1961 मध्ये ती सुमारे 32.5 लाख झाली आणि त्यातले जवळपास 28 लाख एकट्या महाराष्ट्रात होते. कुठूनही लोंढे आले नव्हते. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली आणि त्यांच्यामागे लाखो लोकांनी. गाव तेच, घर तेच, नोंद नवी. याला एक्स्पान्शन डिफ्युजन म्हणतात.

३. माणसंही तीच, श्रद्धाही तीच, फक्त रकाना बदलला. मी फसले ती इथे. इंडोनेशियात सरकार ठरावीक धर्मांनाच मान्यता देतं आणि ओळखपत्रावर धर्माचा रकाना असतो. मध्य कालिमंतानमधल्या दायाक लोकांचा 'कहारिंगान' हा पारंपरिक धर्म त्या यादीत नव्हता. 1965 नंतरच्या काळात तर 'धर्म नाही' अशी नोंद म्हणजे कम्युनिस्ट असल्याचा संशय. म्हणजे रकाना रिकामा ठेवणं धोक्याचं होतं. 1980 मध्ये कहारिंगानला हिंदू धर्माची शाखा म्हणून मान्यता मिळाली आणि हे लोक सरकारदरबारी हिंदू झाले. 2017 मध्ये तिथल्या संविधान न्यायालयाने ओळखपत्रावर पारंपरिक श्रद्धांची नोंद करायला परवानगी दिली. म्हणजे पुढे हा रंग फिका झाला, तरी 'हिंदू कमी झाले' असं लगेच लिहिता येणार नाही.

प्रत्यक्षात या तिन्ही गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या असतात. बालीमधून इंडोनेशियाच्या इतर बेटांवर खरंच स्थलांतर झालंय, सरकारी योजनेतूनही झालंय. म्हणून माझा अंदाज वेडगळ नव्हता. पण तो तपासलेला नव्हता, आणि संशोधनात प्रॉब्लेम तिथेच होतो. तिथल्या जनगणनेत वांशिक गटाचीही माहिती असते. धर्माचा तक्ता त्याच्या शेजारी ठेवला असता, तर बाली लोक किती आणि दायाक किती, हे आधीच लक्षात आलं असतं.

तुम्ही सिनॉप्सिस लिहिताना 'प्रसार' हा शब्द वापरणार असाल, तर आधी स्वतःला तीन प्रश्न विचारा. लोक कुठून आले का? आधी त्यांची नोंद काय होती? आणि मोजणाऱ्याने त्यांना कोणते पर्याय दिले होते? तिसरा प्रश्न आपण सगळेच विसरतो, कारण डेटा हातात येतो तेव्हा रकाने आधीच ठरलेले असतात.

मी ती स्लाइड अजून जपून ठेवली आहे. नवीन डेटासेट उघडला की आधी ती बघते आणि मग प्रश्नावली डाउनलोड करते. आकडे त्यानंतर.