माळ्यावरचा लाकडी कॅमेरा की ४ बाय ५? पहिला लार्ज फॉरमॅट कॅमेरा घेताना आधी फिल्म पाहा

अमळनेर : जुन्या फोटो स्टुडिओच्या माळ्यावरचा, भाता असलेला लाकडी कॅमेरा स्वस्तात मिळाला, तर मोह होतोच. पण त्याच्या मापाची फिल्म मिळाली नाही, तर तो शोकेसची शोभा ठरतो. म्हणून आधी फिल्म, मग लेन्स आणि शेवटी कॅमेरा, असा क्रम ठेवावा.

लार्ज फॉरमॅट म्हणजे काय?
फिल्म ४ बाय ५ इंच किंवा त्याहून मोठी असते. रोल नसतो, एकेक फिल्म पूर्ण अंधारात होल्डरमध्ये भरावी लागते. ४ बाय ५ची निगेटिव्ह ३५ एमएमच्या सुमारे १५ पट मोठी असते, त्यामुळे बारीक तपशील टिकतो.

कोणते माप घ्यावे?
जुन्या स्टुडिओंत फुल प्लेट (साडेसहा बाय साडेआठ इंच) आणि हाफ प्लेट (पावणेपाच बाय साडेसहा इंच) ही मापे रूढ होती. केरळच्या अलप्पुळामध्ये के. करुणाकरन यांनी बनवलेले ‘वागीश्वरी’ हे असेच सागवानी स्टुडिओ कॅमेरे. या मापांची फिल्म आज सहज मिळत नाही. ४ बाय ५ची फिल्म मात्र इलफर्ड, कोडॅक आणि फोमा या तिन्ही कंपन्या बनवतात. नवशिक्यासाठी हेच माप सोयीचे.

जुना कॅमेरा घरातच असेल तर?
कृष्णधवल फोटो पेपर मापात कापून निगेटिव्ह म्हणून वापरता येतो. तो लाल दिव्यात हाताळता येतो. त्याचा वेग जेमतेम ६ आयएसओ धरला, तर खान्देशच्या कडक उन्हात एफ-४५वर एक ते दीड सेकंद प्रकाश द्यावा लागतो. शटर बिघडले असले तरी लेन्सचे झाकण काढून-लावून काम भागते.

फील्ड की मोनोरेल?
फील्ड कॅमेरा घडी होऊन पाठीवरच्या पिशवीत मावतो. मोनोरेल जड असतो, पण त्याचे भाग जास्त फिरतात. अमळनेरच्या दगडी दरवाजासारखी उंच वास्तू टिपताना कॅमेरा वर न झुकवता फक्त लेन्स वर सरकवली, तर भिंती तिरक्या दिसत नाहीत. एवढी सोय बहुतेक फील्ड कॅमेऱ्यांतही असते. बाहेर फिरून फोटो काढायचे असतील तर फील्डच घ्यावा.

पैसे देण्यापूर्वी काय तपासावे?
• अंधाऱ्या खोलीत भात्यात मोबाइलचा टॉर्च ठेवावा. बाहेर ठिपके दिसले, तर भात्याला छिद्रे आहेत.
• लेन्सवर बुरशी नको. शटर एक सेकंदावर अडखळता कामा नये.
• मागची घासलेली काच शाबूत हवी. त्याच मापाचे किमान दोन होल्डर सोबत मागावेत.
• बजेट सगळे कॅमेऱ्यावर संपवू नये. तिपाई, काळा कपडा, फिल्म आणि रसायनांसाठी पैसे राखावेत. प्रकाश मोजायला मोबाइल अ‍ॅप पुरते.

उन्हाळ्याचे काय?
डेव्हलपिंगचे तापमान साधारण २० अंश धरतात. मे महिन्यात इथले नळाचे पाणीच त्याहून बरेच गरम असते. डेव्हलपरचे भांडे बर्फाच्या पाण्यात ठेवावे किंवा शिकण्याची सुरुवात थंडीत करावी.