वेळासची कासवे आणि घरचे पाहुणे

शेतकरी बंधूंनो, वन्यप्राणी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे रानडुक्कर आणि उभ्या पिकाची नासाडी येते. प्राणी राखले तर गावात चार पैसे येतात, असे कोणी सांगितले तर पटायचे नाही. म्हणून रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातील वेळासची हकिगत ऐका.

हिवाळ्यात या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे रात्री अंडी घालायला येतात. मादी वाळूत दीडेक फूट खड्डा करते, शंभरावर अंडी घालते, वर वाळू लोटते आणि निघून जाते. मागे वळून बघत नाही. ती घरटी कुत्री-कोल्हे उकरायचे. खरे बोलायचे तर माणसेही अंडी काढून न्यायची.

२००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकरी आणि वन खाते यांना बरोबर घेऊन घरटी राखायला सुरुवात केली. पहाटे किनारा चालायचा, मादीचा माग काढायचा, अंडी अलगद उचलून कुंपणात तशाच खड्ड्यात पुरायची. पन्नासेक दिवसांनी पिल्ले वर येतात. ती सकाळ-संध्याकाळ पाण्याकडे सोडतात. हे बघायला लोक येऊ लागले आणि पुढे कासव महोत्सव सुरू झाला. पाहुण्यांची सोय गावातल्या घरांतच होते, त्यामुळे जेवणाखाण्याचे आणि मुक्कामाचे पैसे घरातच पडतात. हिशेब सोपा आहे: अंडी एकदाच विकली जातात, पिल्लू दर हंगामाला पाहुणे आणते.

किनाऱ्यावरच्या सरपंच, ग्रामसेवकांनी मात्र नुसता महोत्सवाचा फलक लावून भागणार नाही. पिल्ले उजेडाच्या दिशेने चालतात. वाळूला लागून हॉटेल झाले, रात्रभर दिवे जळू लागले, की ती समुद्राऐवजी जमिनीकडे वळतात. गाड्या वाळूवर आल्या तर खालचे घरटे दडपते. ग्रामसभेत याचे नियम आधी करा, पाहुणे नंतर बोलवा. बाहेरच्याने जागा घेऊन लॉज बांधले, तर गावाला राखण करण्यात गोडी कशाला राहील? आणखी एक: १९७२ च्या वन्यजीव कायद्याने या कासवाला पूर्ण संरक्षण आहे. घरटे दिसले तर स्वतः हात लावू नका, वनरक्षकाला कळवा.

पिल्ले कधी पहाटे निघतात, कधी दोन दिवस एकही निघत नाही. मुंबई-पुण्याहून आलेला पाहुणा मग कुरकुरतो. मुक्कामाचे पैसे घेतानाच त्याला हे सांगून ठेवा.