टिपरू आधी, आवाज मागून

अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी गावच्या राजवाडी होळीत मोठमोठे ढोल घुमतात. नंदुरबारच्या शाळांना ध्वनी शिकवायला याहून चांगली प्रयोगशाळा कुठली? समोरच्या टेकडीवरून पाहिलं तर टिपरू पडताना आधी दिसतं, आवाज मागाहून येतो. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो; एका सेकंदाचा उशीर झाला, तर ढोल तेवढाच लांब. प्रकाशाला लागणारा वेळ खुशाल सोडून द्यावा.

वर्गात एका ढोलावर ज्वारीचे दाणे टाकून शेजारी दुसरा वाजवा. न शिवताही दाणे हलतात! कानाचा पडदाही असाच थरथरतो. तीन इवली हाडं ती कंपनं आंतरकर्णात पोचवतात. तिथल्या, ती कंपनं टिपणाऱ्या केशपेशी मोठ्या आवाजानं मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. तेव्हा ढोलाला कान लावायच्या पैजा नकोत.