रानपिंगळ्याच्या मृत्यूची कारणे

सातपुड्याच्या शुष्क पानझडी अरण्यात राहणाऱ्या रानपिंगळ्याचे शास्त्रीय वर्णन ह्यूम यांनी १८७३ साली केले. पुढील दशकात डेव्हिडसन यांनी खानदेशात त्याचे काही नमुने मिळविले. १८८४ नंतर मात्र हा पक्षी जणू नाहीसाच झाला. १९१४ साली तो गुजरातेत मांडवीस मिळाल्याचा माइनर्ट्झहागेन यांचा दावा निखालस खोटा होता. जुनाच नमुना चोरून त्यावर नवी चिठ्ठी लावली होती. त्या चिठ्ठीने शोधकांना दीर्घकाळ भलत्याच दिशेस नेले. अखेर नोव्हेंबर १९९७ मध्ये, तेव्हा धुळे जिल्ह्यात असलेल्या शहाद्याजवळ, रासमुसेन, किंग व अॅबट यांना तो जिवंत आढळला. जळगाव जिल्ह्यातील यावल अभयारण्यातही त्याची वस्ती आहे.

वन्य पक्ष्याचे प्रेत सहसा हाती लागत नाही. मुंग्या व कोल्हे ते लवकरच संपवितात. म्हणून मृत्यूची कारणे बहुधा घरट्यावरून अनुमानावी लागतात. रानपिंगळ्यास स्वतः ढोली कोरता येत नाही. सुतारपक्ष्याने सोडलेली किंवा जुन्या वृक्षात आपोआप झालेली पोकळीच त्यास हवी. असा वृक्ष सरपणासाठी वा शेतजमिनीसाठी तुटला, की त्या विणीची पिल्ले तर जातातच, परंतु पुढील विणींचा आसराही नष्ट होतो. प्रौढ पक्षी जगत असतो, संख्या मात्र घटत राहते; ही हानी मृत्यूच्या कोणत्याही नोंदीत येत नाही.

पिल्लांचे शत्रू अनेक आहेत. क्वचित त्यांत जन्मदाताही असतो. प्रौढ पक्ष्याने आपलेच पिल्लू भक्षिल्याचे निरीक्षण इश्तियाक व रहमानी यांनी २००० साली प्रसिद्ध केले. मृत वा दुर्बळ पिल्लू खाण्याचा हा प्रकार इतर घुबडांतही आढळतो, तेव्हा त्यास क्रौर्य म्हणणे अनुचित होय.

मनुष्याकडून होणारी हत्या अधिक चिंताजनक आहे. इतर घुबडांप्रमाणे हा पक्षी रात्रीच्या अंधारात दडत नाही. दिवसाढवळ्या उघड्या फांदीवर बसतो, म्हणून गलोलीच्या टप्प्यात सहज येतो. घुबडाचे अवयव जादूटोण्यास उपयोगी पडतात, ही समजूत त्यात भर घालते. याच महाराष्ट्रात पहाटे दारी येणारा पिंगळा याचक पक्ष्याची भाषा जाणतो म्हणून लोक त्यास धान्य घालतात, हा विरोध लक्षणीय आहे.

शेतातील उंदरांसाठी घातलेल्या विषाचाही विचार केला पाहिजे. विष खाल्लेला उंदीर मंदावतो व शिकाऱ्यास आयताच सापडतो. त्यायोगे घुबडे मरतात, हे अन्य देशांत सिद्ध झाले आहे. रानपिंगळा सरड्यांबरोबर उंदीरही खातो, आणि सातपुड्याच्या पायथ्याशी शेत व अरण्य एकमेकांस लागूनच आहेत.