कळफलकावरील विझलेले दिवे

स्वतःच्या हाताने झाळून तयार केलेल्या कळफलकावरचा एखादा दिवा लागला नाही, की मनुष्य त्या दिव्यालाच दोषी ठरवून तो उपटावयास धावतो. ही घाई महाग पडते. दिव्याचे दोन पाय कळेतून खाली उतरून पाटीला झाळलेले असतात. ते ओढताना पाटीवरचे तांब्याचे कडे सुटले, तर दिव्याबरोबर त्याची जागाही जाते. आदिलाबादकरांस सुटा भाग दुकानातून आणावयाचा म्हणजे बहुधा नागपूर गाठावे लागते, आणि ते सुमारे 200 किलोमीटरवर!

तेव्हा, श्रोते हो, सोल्डरिंग आयर्न तापविण्यापूर्वी अंधार कोठवर पसरला आहे ते पाहावे. सगळेच दिवे बंद असतील तर दोष विजेच्या वाटेत असावयाचा. कित्येकदा प्रकाश कमी करण्याची कळच कोणीतरी दाबलेली असते. अख्खी ओळ काळी असेल तर तिचा सामाईक रोधक तपासावा.

एकच दिवा रुसला असेल, तर पहिला संशय दिशेचा. एल.ई.डी. हा डायोड आहे. वीज त्यातून एकाच बाजूने वाहते. लांब पाय धन, आखूड पाय ऋण. पाय कापल्यावर ही खूण नाहीशी होते. मग गोल कडेचा चपटा भाग शोधावा, ती बहुधा ऋण बाजू.

दुसरा संशय कच्च्या सांध्याचा. 63 भाग कथील व 37 भाग शिसे यांचा मिश्रधातू 183 अंश सेल्सिअसला वितळतो; परंतु तो वितळला म्हणजे काम झाले असे नव्हे. पाय आणि कडे ही दोन्हीही तापली पाहिजेत, नाहीतर धातू अळवावरच्या पाण्यासारखा नुसता वर बसतो. किंचित राळ लावून आयर्न दोन-तीन सेकंद टेकविले, की पुष्कळदा दिवा उजळतो.

यानंतर कळफलक संगणकापासून सोडवून मल्टिमीटर लावावा. लाल दिव्यास सुमारे 2 व्होल्ट पुरतात. निळ्या-पांढऱ्यास 3 च्या आसपास लागतात, आणि पुष्कळ मीटर तेवढा दाब देतच नाहीत. म्हणून मीटर गप्प राहिला एवढ्यावरून निळा दिवा मेला असे समजू नये. (डोळ्यांना दिसणारा लाल एल.ई.डी. होलोनियाक यांनी 1962 साली दाखविला. तेजस्वी निळ्यासाठी जगाला पुढे सुमारे 30 वर्षे थांबावे लागले, आणि त्या शोधास 2014 चे नोबेल मिळाले.)

हौसेने रंग मिसळणारे येथेच फसतात. एकाच सामाईक रोधकावर लाल व निळे दिवे समांतर जोडले, तर लाल दिवा वीज आपल्याकडे ओढतो आणि निळा अंधारात राहतो. दोघेही निर्दोष! प्रत्येकाला स्वतंत्र रोधक द्यावा. 5 व्होल्टांवर 330 ओहमांचा रोधक लावल्यास लाल दिव्यातून सुमारे 9 मिलिअँपिअर वीज जाते, निळ्यातून सुमारे 6. इतकी पुरेशी होते.

एवढे करूनही दिवा लागला नाही, तरच तो काढावा. दोन्ही पायांवर थोडे ताजे कथील घालून ते एकदम तापवावेत. दिवा फारसा न ओढता सुटून येतो.