नावलौकिकाचे नवे दप्तर: काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

जळगावच्या सराफ बाजारात ज्या पेढीवर आजोबांनी लेकीच्या लग्नाचे सोने खरेदी केले त्याच पेढीची पायरी नातवाने चढावी, आणि धुळ्याच्या कचेरीत दावा दाखल करावयाचा झाला म्हणजे भाऊबंदांनी सुचविलेल्या वकिलाच्या हाती निःशंकपणे कागद सोपवावे, हा खानदेशच्या व्यवहारातील पिढ्यान्‌पिढ्यांचा शिरस्ता होय. आता तोच नातू पायरी चढण्यापूर्वी मोबाइलवर पेढीचे नाव शोधतो, आणि तेथे जे वाचावयास मिळते ते पेढीच्या मालकाने नव्हे, तर बहुधा अनोळखी लोकांनी लिहिलेले असते. या नव्या दप्तराविषयी आपल्या व्यावसायिकांत जे समज रूढ झाले आहेत, त्यांपैकी काही माणसाला नाहक खर्चात आणि क्वचित गुन्ह्यातही लोटणारे आहेत. म्हणून त्यांची रुजवात घेणे अगत्याचे वाटते.

‘आम्ही इंटरनेटवर नाही, तेव्हा तेथे आमची प्रतिमाही नाही’, हा समज वयाने वडील असलेल्या दुकानदारांत विशेष आढळतो. वस्तुस्थिती अशी की गूगलच्या नकाशावर एखाद्या दुकानाची नोंद सुचविण्यास मालकाची परवानगी लागत नाही आणि त्याखाली अभिप्राय लिहिण्यासही लागत नाही. मालकाला करता येते ते इतकेच की पडताळणी करून, एक पैसाही न देता, त्या नोंदीवर आपला हक्क प्रस्थापित करावा, पत्ता व वेळ दुरुस्त करावी आणि अभिप्रायांना उत्तरे द्यावी. वकिलाचे नाव त्याने चालविलेल्या खटल्यांसह ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर दिसते, आणि बांधकाम व्यावसायिकाचा नोंदणीकृत प्रकल्प 2017 पासून महारेराच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतो. आपण गप्प राहिल्याने आपल्याविषयीचा मजकूर थांबत नाही.

आणि हा मजकूर किती दूर जाऊ शकतो याचा अत्यंत दारुण दाखला आपल्याच मुलखात आहे. 1 जुलै 2018 रोजी साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे, मुले पळविणारी टोळी फिरत असल्याच्या व्हॉट्सॲपवरून पसरलेल्या अफवेपायी, सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याकडून आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार केले. गावोगाव भिक्षा मागत हिंडणे ही ज्यांची पिढीजात वहिवाट, त्यांना आयुष्यभर ज्या ओळखीने दारात उभे राहू दिले, ती ओळख निनावी संदेशांनी पुसून टाकली. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे धाडता येईल अशी मर्यादा जाहीर केली. ऑनलाइन प्रतिष्ठा हा केवळ शहरातील सुशिक्षितांचा विषय आहे असे जे मानतात, त्यांनी ही घटना विसरू नये.

दुसरा समज असा की चांगले अभिप्राय विकत घेणे ही जाहिरातच होय, त्यात गैर ते काय? गैर हे की अभिप्राय ही ग्राहकाची साक्ष असते, आणि साक्ष विकत घेतली की ती खोटी ठरते. भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर 2022 मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस 19000 हे मानक प्रसिद्ध केले असून, अभिप्राय लिहिणारा खरा आहे याची पडताळणी व्हावी आणि त्याचा मजकूर संकलनात बदलू नये, अशी त्यात अपेक्षा आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल उत्पादकास किंवा तिची भलावण करणाऱ्यास 10 लाख रुपयांपर्यंत, आणि पुन्हा तोच अपराध घडल्यास 50 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. सराफांना तर हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नसावी, कारण 1 एप्रिल 2023 पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक असल्याखेरीज तो विकता येत नाही, आणि तो क्रमांक बीआयएस केअर या ॲपवर गिऱ्हाइकाला तिथल्या तिथे ताडून पाहता येतो. माझ्या मते, ज्या पेढीने गिऱ्हाइकाला ही तपासणी स्वतः करून दाखविली, तिला विकतच्या शंभर स्तुतिपर ओळींची गरज उरत नाही.

याच्या उलट, वाईट अभिप्राय पैसे भरून पुसता येतो, अशी हमी देणारे दलाल अलीकडे पुष्कळ झाले आहेत. अभिप्राय कडू आहे एवढ्याच कारणावरून गूगल तो काढीत नाही. तो बनावट, शिवराळ किंवा प्रतिस्पर्ध्याने हितसंबंधापोटी लिहिलेला असला, तर तक्रार करता येते आणि त्या तक्रारीला शुल्क नाही. युरोपीय न्यायालयाने 13 मे 2014 रोजी ज्या स्पॅनिश नागरिकाच्या बाजूने निर्णय दिला, त्याच्या घराच्या लिलावाची 1998 मधील वृत्तपत्रीय सूचना शोधाच्या निकालांतून वगळण्याचा हुकूम झाला, परंतु वृत्तपत्राच्या दप्तरातील मूळ सूचना कायम राहिली. आपल्याकडे 2023 च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात दुरुस्तीची आणि पुसण्याची तरतूद आहे खरी. पण प्रामाणिक ग्राहकाचे मत नाहीसे करण्याचे ते साधन नव्हे.

मग खोट्या आरोपाला उत्तर कशाने द्यावे? ज्या धुळ्यात 1926 च्या अखेरीस इतिहासाचार्य राजवाड्यांनी देह ठेवला आणि जेथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ त्यांनी गावोगाव हिंडून जमविलेले कागद आजही सांभाळीत आहे, त्या गावाला हे उत्तर ठाऊक असावयास हवे: मागाहून रचलेल्या बखरीपेक्षा त्या त्या वेळचा अस्सल कागद अधिक प्रमाण. तारखेची पावती, कामाचा करार, ग्राहकाशी झालेला पत्रव्यवहार जपून ठेवलेला असला, तर दोन शांत वाक्यांचे उत्तर पुरते.

मात्र डॉक्टरांनी येथे विशेष जपले पाहिजे. रुग्णाने चार ओळींत राग व्यक्त केला म्हणून त्याच्या आजाराची हकीकत उत्तरात मांडणे हा 2002 च्या वैद्यकीय आचारनियमांचा भंग होय, मग ती हकीकत कितीही खरी असो. त्याच नियमांनी डॉक्टरला रुग्ण मिळविण्यासाठी जाहिरात करण्यास मनाई केली आहे; समाजमाध्यमांविषयी सविस्तर मार्गदर्शन करणारे नवे नियम ऑगस्ट 2023 मध्ये निघाले आणि त्याच महिन्यात स्थगित झाले. वकिलांना बार कौन्सिलचा 36 वा नियम जाहिरातीस प्रतिबंध करतो, तथापि 2008 च्या दुरुस्तीने संकेतस्थळावर नाव, पत्ता, सनदेची नोंद, शिक्षण व कामाचे क्षेत्र देण्याची मुभा दिली आहे. तेव्हा कापडाच्या दुकानाला जे शोभते ते दवाखान्याला आणि वकिलाच्या कार्यालयाला कायद्याने शोभत नाही, हे जाहिरातीचे कंत्राट देण्यापूर्वी ध्यानी घ्यावे.

शेवटचा समज धाकाचा. टीका करणाऱ्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ‘66 अ’ कलमाखाली तुरुंगात धाडीन, अशी धमकी अजून ऐकू येते. ते कलम सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 रोजीच घटनाबाह्य ठरविले आहे. अब्रुनुकसानीची फिर्याद करता येते, पूर्वी दंड संहितेच्या 499 व 500 कलमांखाली आणि 1 जुलै 2024 पासून न्याय संहितेच्या 356 व्या कलमाखाली. परंतु लोकहितार्थ सांगितलेले सत्य हा तेथे आजही अपवाद आहे. आपल्या नावाने कोणी बनावट खाते उघडून लोकांना फसविले, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचे 66 ड कलम लागू होते, ज्यात तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाखापर्यंत दंड आहे. आणि तेथे मात्र विलंब न करता सायबर पोलिसांकडे जावे.

खानदेशातील प्रत्येक डॉक्टर, वकील, सराफ आणि पुण्या-मुंबईस नोकरीसाठी निघालेल्या तरुणाला माझी विनंती आहे की त्याने आजच आपले नाव शोधून पाहावे, चुकीचा पत्ता वा जुना हुद्दा दुरुस्त करावा, आणि प्रतिमा उजळून देण्याची हमी घेऊन येणाऱ्या दलालाला रुपया देण्यापूर्वी गूगलवरील विनामूल्य तक्रारीचा मार्ग स्वतः वापरून पाहावा.